बेटिंग लीगल होईपर्यंत नंबर लावून ठेवायचा का?

परवानगीवर चालणाऱ्या धंद्यांचा व्हिडिओ आपण केला, तेव्हा एक विषय वेळेअभावी राहून गेला होता. तो आज लिहूनच देतो, कारण त्यावर मला सारखे फोन येतात.

मागच्या सीझनला माजलगाव तालुक्यातला एक मुलगा भेटायला आला. डिप्लोमा झालेला, बोलायला चुणचुणीत. म्हणाला, "सर, एक डील आलंय. महाराष्ट्रात क्रिकेट बेटिंग लीगल होणार आहे. तालुक्याला एकच एजन्सी देणार आहेत. आत्ता दोन लाख डिपॉझिट भरलं की नंबर लागतो. लीगल झाल्यावर हाच रेट दहा लाखांवर जाणार."

मी विचारलं, "दोन लाख आणणार कुठून?"

थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "घरी उचल आलीय."

बीडच्या माणसाला यापुढं काही सांगायची गरज नाही. आई-वडील कोयत्यावर जाणार, त्याची मुकादमानं दिलेली आगाऊ रक्कम ती. अजून ऊस तुटायचाच होता आणि त्याचे पैसे एका न झालेल्या कायद्यावर लावायला निघाले होते.

त्याला मी पहिल्यांदा १९७६ ची गोष्ट सांगितली. त्या साली महाराष्ट्राच्या विधिमंडळानं कॅसिनोवर नियंत्रण आणि कर लावण्याचा कायदा केला. विधेयक मंजूर झालं, राज्यपालांची संमती मिळाली, कायदा पुस्तकात छापला गेला. पण त्यात एक साधं कलम होतं: शासन राजपत्रात अधिसूचना काढून जी तारीख ठरवेल, त्या तारखेपासून कायदा लागू होईल. ती तारीख कधी आलीच नाही. सरकारं बदलली, कायदा लागू करा म्हणून मुंबई हायकोर्टात याचिका झाली, दर काही वर्षांनी "आता कॅसिनो येणार" अशा बातम्या आल्या. शेवटी ऑगस्ट २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं तो कायदाच रद्द करायचं ठरवलं. ४७ वर्षं! १९७६ ला पंचविशीत असलेला माणूस तोवर बहात्तर वर्षांचा झाला.

"कायदा पास झाला" आणि "कायदा सुरू झाला" यांत किती अंतर असतं ते बघा. विधेयक मांडलं जातं, दोन्ही सभागृहांत मंजूर होतं, मग राज्यपाल किंवा राष्ट्रपतींची संमती, मग लागू होण्याची अधिसूचना, मग नियम, मग परवाना देणारं कार्यालय, आणि सगळ्यात शेवटी अर्जाचा नमुना आणि फी. फी जाते सरकारी खात्यात आणि तिचं चलन मिळतं. तुमच्याकडून जो माणूस आज डिपॉझिट मागतोय, त्याला एकच विचारा: आपण यातल्या कोणत्या पायरीवर आहोत, आणि राजपत्राची तारीख काय? राजपत्र शासनाच्या वेबसाइटवर फुकट वाचता येतं. त्यासाठी कुणाच्या ओळखीची गरज नाही.

बेटिंगच्या बाबतीत आपण पहिल्या पायरीवरसुद्धा नाही. न्यायमूर्ती लोढा समितीनं जानेवारी २०१६ मध्ये क्रिकेटमधलं बेटिंग कायदेशीर करावं, असं सुचवलं. विधी आयोगानं जुलै २०१८ मध्ये अहवाल दिला, की पूर्ण बंदी जमत नसेल तर नियंत्रण आणा. एजंट लोक हीच कात्रणं दाखवतात. पण समितीची शिफारस म्हणजे कायदा नव्हे. शिफारशी कपाटात राहतात.

उलट गाडी मागं गेलीय. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत जुगार आणि पैज हा राज्याचा विषय आहे, आणि आपल्याकडं १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आजही चालतो. महालक्ष्मी आणि पुण्याच्या रेसकोर्सवर घोड्यांवर पैसे लावता येतात, ते वेगळ्या परवाना कायद्याखाली. राज्य लॉटरी १९६९ पासून आहे, ती सरकारचीच. क्रिकेटवर पैज यातल्या कशातच बसत नाही. त्यात केंद्रानं ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. २० तारखेला लोकसभा, २१ ला राज्यसभा, २२ ला राष्ट्रपतींची संमती. तीन दिवस! पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे, या कायद्यानं बंदीत टाकले. ड्रीम इलेव्हननं पैशांच्या स्पर्धा बंद केल्या, आणि सप्टेंबरमधल्या आशिया कपला भारतीय संघ जर्सीवर प्रायोजकाचं नाव न घेता उतरला. या कायद्याला कोर्टात आव्हान दिलं गेलंय. पण कोर्टाच्या तारखेवर गाळ्याचं भाडं भरता येत नाही.

"मी काय खेळवणार नाही सर, फक्त आयडी देणार," असं तो म्हणाला होता. म्हणून हे नीट वाचा. असा खेळ पुरवणाऱ्याला या कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे. त्याचे पैसे फिरवून देणाऱ्यालाही तेवढंच. नुसती जाहिरात केली तरी दोन वर्षं आणि पन्नास लाखांपर्यंत. व्हॉट्सॲप स्टेटसला लिंक ठेवणं तुम्हाला किरकोळ वाटेल, पोलिसांना वाटेलच असं नाही. आणि "पैसे फक्त तुझ्या खात्यातून जातील, टक्का मिळेल" असं कुणी म्हणालं, तर पहिलं गोठतं ते तुमचं खातं. त्यातच आईची पेन्शन आणि बचत गटाचा हप्ता असतो.

बरं, धरून चालू की उद्या झालंच लीगल. मग तुमचा नंबर लागतो का? अमेरिकेत सुप्रीम कोर्टानं मे २०१८ मध्ये राज्यांना बेटिंगची मोकळीक दिली. मिसुरी राज्यात लोकांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये मतदान करून होकार दिला, तरी पहिली कायदेशीर बेट लागली १ डिसेंबर २०२५ ला. न्यूयॉर्कनं मोबाइल बेटिंगच्या परवान्याची फी ठेवली अडीच कोटी डॉलर, आणि वर कमाईवर ५१ टक्के कर. बाजार गेला दोन-चार बड्या कंपन्यांच्या हातात. आपल्या शेजारी गोव्यातही कॅसिनोची वर्षाची फी कोटींत आहे. म्हणजे दार उघडलं तरी ते तालुक्याच्या गाळेवाल्यासाठी उघडत नाही. मोबाइलवर चालणाऱ्या धंद्याला माजलगावात एजंट लागेलच कशाला? हा प्रश्न त्या मुलाला आधी सुचला नव्हता. खरं सांगायचं तर मलाही त्याच्याशी बोलता बोलताच सुचला.

वाट बघण्यात मीही हात पोळून घेतलेत. बीडला रेल्वे येणार म्हणून मी एकेकाळी स्टेशन होणार त्या बाजूला जागा भाड्यानं धरून ठेवली होती. तीन वर्षं भाडं भरलं आणि सोडली. आपली अहिल्यानगर-बीड-परळी लाइन २६१ किलोमीटरची, मंजुरी १९९५ ची. आष्टीपर्यंत गाडी आली सप्टेंबर २०२२ मध्ये आणि बीडला १७ सप्टेंबर २०२५ रोजी. आली, पण तीस वर्षांनी. तरी त्या वाट बघण्यात एक गोष्ट होती: काम दिसत होतं. जमीन संपादन झालं, भराव पडला, पूल उभे राहिले, रूळ आले. रूळ आष्टीला पोचल्यावर जागा धरली असती, तर माझं गणित बसलं असतं. बेटिंगच्या कायद्याचा अजून भरावसुद्धा पडलेला नाही.

आता क्रिकेटवरच धंदा करायचा असेल तर करा की! आपल्याकडं दिवाळीनंतर गावोगावी टेनिस बॉलच्या स्पर्धा लागतात. सरपंच चषक, आमदार चषक, कुणाच्या वाढदिवसाचा चषक. त्यांना जर्सी लागतात, ट्रॉफ्या लागतात, मंडप, साउंड, कॉमेंट्रीवाला आणि आता तर यूट्यूबवर लाइव्ह लागतंच. लाइव्हसाठी दोन चांगले मोबाइल, स्टँड, स्कोअरचं ॲप आणि दोन कंपन्यांची सिमकार्डं एवढ्यावर सुरुवात होते. गावात एका कंपनीची रेंज गेली की दुसरी कामाला येते. अडचण कामाची नाही, वसुलीची आहे. आयोजक म्हणतो "फायनलला देतो", आणि फायनलच्या रात्री तो ट्रॉफीसोबत फोटो काढण्यात गुंग असतो. म्हणून निम्मे पैसे आगाऊ, उरलेले सेमीफायनलच्या सकाळी. सेमीफायनलच्या आधी कॅमेरा बंद पडलेला कुणाला परवडत नाही.

त्या मुलाला मी त्या एजंटला एवढंच विचारायला लावलं: राजपत्राची तारीख, परवाना देणाऱ्या कार्यालयाचं नाव, पैसे भरल्याचं सरकारी चलन मिळणार का, आणि कंपनीचा जीएसटी नंबर. उत्तरादाखल एक व्हॉइस मेसेज आला, "भाऊ, एवढा विचार करणारे मागंच राहतात." मग दुसऱ्या दिवसापासून डीपी दिसेनासा झाला. उचल घरात राहिली. त्यातून त्यानं एक रुपयाही मागितला नाही, हे त्याचं कौतुक. मित्राचा जुना मोबाइल आणि स्वतःचा, एवढ्यावर त्यानं त्या सीझनला तीन स्पर्धा लाइव्ह केल्या. एकीचे पैसे अजून अडकलेत.

फोन करतो अधूनमधून. परवा विचारत होता, "सर, त्या कायद्याचं पुढं काय झालं हो?" मी म्हटलं, तुझ्या अडकलेल्या पैशांचं काय झालं ते सांग आधी.