खबर खरी की खोटी?

वैजापूर तालुक्यात कांदा पिकतो, कापूस पिकतो, बाजरी पिकते. माल निघाला की जो तो विचारतो, "काय भाव निघाला?" पूर्वी ही खबर बाजाराहून परतलेला गाडीवाला सांगायचा. आता ती मोबाईलवर येते. दिवसातून दहा वेळा येते.

समजा, मजकूर आला : 'लासलगावला कांदा चार हजार.' लगेच टेम्पो ठरवू नका. आधी वाचनालयात जा. तिथले कोणतेही वर्तमानपत्र उलटून पाहा. वर तारीख असते. एका कोपऱ्यात बारीक अक्षरांत मुद्रक, प्रकाशक, संपादक यांची नावे असतात. म्हणजे खोटे छापले तर जाब कुणाला विचारायचा, ते ठाऊक असते. मोबाईलवरच्या मजकुरात काय आहे? तारीख नाही, सांगणाऱ्याचे नाव नाही. हा भाव आजचा की गेल्या साली कुणी लिहिलेला, कसे कळावे?

आणखी एक गोष्ट. बाजार समितीच्या भावात तीन आकडे असतात : कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सर्वसाधारण. चार हजार हा यांतला कोणता? जास्तीचा भाव निवडक मालालाच मिळतो. पण गावभर फिरतो तोच, कारण तो कानाला गोड लागतो! हिशेब करावा तो सर्वसाधारण भावाने.

सातबाऱ्याचेही तसेच. मोबाईलवर तो फुकट पाहता येतो, पण तो माहितीपुरता. कचेरीत चालणारा डिजिटल सहीचा उतारा 15 रुपयांत मिळतो. तो घेताना पत्ता नीट पाहा. सरकारी पत्त्याच्या नावाशेवटी 'डॉट गव्ह डॉट इन' असते. अक्षरे इंग्रजी आहेत, भिऊ नका. ग्रंथपालाकडून ती कागदावर लिहून घ्या आणि अक्षराला अक्षर लावून पाहा. मराठी अक्षरे आपण अशीच ओळखायला शिकलो ना?

ग्रंथपालाला विचारायला पुष्कळांना संकोच वाटतो. आम्हाला तो बरा वाटत नाही. ग्रंथालयशास्त्राचे जाणकार डॉ. रंगनाथन यांनी 1931 साली पाच नियम सांगितले. वाचकाचा वेळ वाया जाऊ नये, हा त्यांतला एक. महाराष्ट्रात 1967 साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. ग्रंथालयाला सरकारी अनुदान मिळते. ते पैसे तुमचेच आहेत. मग विचारा की हो!

आता सर्वांत जपायची गोष्ट. पी. एम. किसानचे वर्षाला 6000 रुपये तीन हप्त्यांत खात्यावर येतात. 'तुमचा हप्ता अडकला, ही फाईल उघडा' असा निरोप आला तर उघडू नका. तिच्यातून चोर मोबाईलमध्ये शिरतो. पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन लागतो तो द्यायला. ओटीपी मागणारा बँकेचा माणूस नव्हे.

तरी पैसे गेलेच तर लाजेने गप्प बसू नका. त्याच घडीला 1930 या नंबरावर फोन करा आणि बँकेला कळवा. चोराने पैसे काढून नेले नसतील, तर ते तिथेच अडवता येतात. सकाळपर्यंत थांबलात, तर ते पुढच्या खात्यात गेलेले असतात.