भूतकाळाचा पाठ : इंग्रजी क्रियापदे आणि शाळेचे शब्द

मुलाखतीला बसलेल्या विद्यार्थ्याला बहुधा प्रथम विचारले जाते ते त्याच्या मागील शिक्षणाविषयी. इंग्रजी भूतकाळ कच्चा असेल, तर ज्ञान असूनही तो तेथे अडखळतो. म्हणून स्मरणिकेच्या या पानावर एक छोटा पाठ मांडत आहे. पालकांनी तो मुलांसमवेत वाचावा, ही विनंती.

प्रथम दोन भाषांतील भेद ध्यानी घ्यावा. मराठीत 'धडा वाचला, वही वाचली, पुस्तक वाचले' असे क्रियापद कर्मानुसार बदलते. 'तो गेला, ती गेली' येथे ते कर्त्यानुसार बदलते. इंग्रजीत 'वेंट' हे एकच रूप सर्वांना चालते. तेथे लिंगवचनाची चिंता नाही. मात्र रूप पाठ हवे.

नियमित क्रियापदांना शेवटी 'ईडी' ही अक्षरे लागतात, पण त्यांचे उच्चार तीन होतात. 'वाँट', 'स्टार्ट', 'नीड' अशी ट-ड ने संपणारी क्रियापदे 'वाँटिड', 'स्टार्टिड', 'नीडिड' होतात. 'आस्क', 'हेल्प', 'पास' यांसारख्या अघोष ध्वनीनंतर 'ट' ऐकू येतो : 'आस्क्ट', 'हेल्प्ट', 'पास्ट'. उरलेल्यांना 'ड' : 'प्लेड', 'ओपन्ड'. 'आस्केड' असा उच्चार टाळावा.

अनियमित क्रियापदे शाळेच्या दिनक्रमातून शिकावीत. घंटा वाजली : 'द बेल रँग'. मुले बाकावर बसली : 'सॅट'. बाईंनी शिकविले : 'टॉट'. फळ्यावर लिहिले : 'रोट'. डबा आणला : 'ब्रॉट'. वही मिटली : 'शट', येथे रूप बदलतच नाही. 'रीड'चे लेखन तेच राहते, उच्चार मात्र 'रेड' होतो.

प्रश्नात व नकारात 'डिड' आले की मूळ क्रियापद परत येते. 'डिड यू वेंट' चूक, 'डिड यू गो' बरोबर. भूतकाळाचा भार 'डिड'ने उचलला. तो दुसऱ्यांदा उचलावयाचा नाही.

आता हेच नियम इतिहासात वापरू. ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांचे नाव साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात इंग्रजी पहिलीच्या वर्गात दाखल झाले. २०१७ पासून महाराष्ट्रात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. वाक्य होते : 'भीमराव एंटर्ड द स्कूल इन १९००.' ही घटना एकदाच घडली, म्हणून साधा भूतकाळ पुरेसा. पण ते वर्गात वेगळ्या गोणपाटावर बसत, ते गोणपाट घरून आणत व सायंकाळी परत नेत. शिपाई नसेल तर त्यांना तहानलेले राहावे लागे. हे एका दिवसाचे नव्हते. मराठीतील 'बसत असे' या रूपासाठी इंग्रजीत 'युज्ड टु' आहे : 'ही युज्ड टु सिट ऑन अ गनी क्लॉथ.' नुसते 'ही सॅट' म्हटले आणि पुढे 'एव्हरी डे' जोडले नाही, तर रोजचा अन्याय एखाद्या दिवसाचा प्रसंग वाटू शकतो. व्याकरणातील निष्काळजीपणा इतिहासालाही असा उणेपणा आणतो. त्यानंतरचे वाक्य पुन्हा साधे : 'ही वेंट टु न्यूयॉर्क इन १९१३.' कोलंबिया विद्यापीठातील उच्च शिक्षणासाठी ते गेले, ते याच वर्षी.

सराव असा करावा. मुलांनी घरातील वडीलधाऱ्यांना मराठीतच विचारावे : आजी, तू शाळेत गेली होतीस का? किती इयत्ता शिकलीस? शाळा का सुटली? उत्तरे आधी मराठीत उतरवावीत, मग त्यांची पाच इंग्रजी वाक्ये करावीत. 'गेली होती' याचे भाषांतर दर वेळी 'हॅड गॉन' होत नाही. एका घटनेआधीची दुसरी घटना सांगावयाची असेल तेव्हाच 'हॅड' घ्यावे, एरवी 'वेंट'.

एखाद्या घरी उत्तर येईल : 'माय ग्रँडमदर डिड नॉट गो टु स्कूल.' ते वाक्य खोडू नये. त्याखाली नातीने स्वतःचे वाक्य लिहावे : 'आय वेंट.' माजी विद्यार्थ्यांनी सुट्टीत येऊन अशा वह्या तपासून दिल्या, तर शाळेला त्याहून मोलाची भेट नाही.