कुसळी गवत : ओळख, लागवड व उपयोग

महाराष्ट्राच्या अवर्षणप्रवण भागातील माळराने, डोंगरउतार आणि गायराने यांवर कुसळी हे बहुवर्षायू गवत विपुल आढळते. खडकाळ, मुरमाड व उथळ जमिनीत जेथे इतर चांगली गवते तग धरीत नाहीत, तेथेही ते टिकाव धरते. मात्र योग्य वेळ साधली तर चारा, आणि वेळ चुकली तर जनावरांस पीडा, असे या गवताचे दुहेरी स्वरूप आहे. सबब त्याची नीट ओळख असणे अगत्याचे आहे.

ओळख

हे गवत ठोंबांनी वाढते व सामान्यतः अर्धा ते एक मीटर उंच होते. ठोंबाच्या बुडाशी पानांची आवरणे चपटी असून त्यांच्या पाठीवर उंच कणा असतो. पात्याचे टोक होडीच्या नाळेप्रमाणे असते. पावसाळा सरता सरता काडीच्या टोकाशी एकेरी कणीस येते. त्याच्या खालच्या भागातील कणिशके हिरवी व बिनकुसळाची असतात; वरच्या भागातील कणिशकांना गडद तपकिरी, लांब कुसळे येतात. पक्व झाल्यावर ही कुसळे एकमेकांत गुंतून त्यांचा पीळ पडतो. हीच या गवताची खूण होय.

पवन्या गवताचे कणीसही एकेरी असते, परंतु ते फिकट दिसते. मारवेलच्या काडीस टोकाशी अनेक कणसे बोटांप्रमाणे फुटतात व पेरांवर केसांचे कडे असते. ज्याचे कुसळ तीन फाट्यांचे असते, ते निकृष्ट गवत निराळे समजावे.

कुसळाचे कार्य

कुसळाचा खालचा भाग दोरीसारखा पिळलेला असतो. दमट हवेत हा पीळ उलगडतो, कोरड्या हवेत पुन्हा बसतो. या फिरण्यामुळे बियाचे अणकुचीदार टोक गिरमिटाप्रमाणे मातीत शिरते आणि टोकावरील उलट्या केसांमुळे ते मागे येत नाही. मेंढीच्या अंगावर पडलेले बीही याच रीतीने लोकरीतून कातडीत घुसते. तोंड व डोळे यांनाही त्यापासून इजा होते. म्हणून कुसळे पक्व झालेल्या कुरणात मेंढ्या, विशेषतः कोकरे, सोडू नयेत. कळप तेथून आलाच, तर त्याच दिवशी अंग तपासून कुसळे काढावीत आणि जखम चिघळल्यास पशुवैद्यकास दाखवावे.

कापणी

गवत निसवू लागताच, कुसळे कडक होण्यापूर्वी, विळ्याने कापून वाळवावे व गंजी रचावी. या वेळचा चारा जनावरे आवडीने खातात. पुढे काडी राठ होते, त्यातील प्रथिने घटतात आणि असा चारा केवळ पोट भरण्यापुरता उरतो. त्याबरोबर द्विदल चारा दिल्यास ही उणीव भरून निघण्यास मदत होते. लवकर कापणी केल्याने जमिनीवर पडणारे बीही कमी होते.

कुरण पेटविल्याने कुसळी नाहीशी होते, ही समजूत बरोबर नाही. तिचे बी मातीत शिरलेले असल्याने आगीतून वाचते, वरची इतर झाडोरा जळून तिला मोकळी जागा मिळते आणि तिचा प्रसार उलट वाढतो.

कुरणाची पारख

दख्खनच्या पठारावर पवन्या व मारवेल ही चांगल्या कुरणाची गवते होत. अतिचराईने ती मागे हटतात व कुसळी पुढे येते. चराई तशीच चालू राहिली, तर कुसळीही जाऊन तीन फाट्यांच्या कुसळांचे गवत व आखूड वर्षायू गवते उरतात. यास्तव कुसळीचे आधिक्य ही धोक्याची सूचना समजून गायरानात आळीपाळीने चराईबंदी करावी.

लागवड

उघड्या उतारावरील माती धरण्यासाठी किंवा दगडी बागेत शोभेसाठी हे गवत लावता येते. तिरप्या उन्हात त्याची तांबूस-काळी कुसळे फार सुंदर दिसतात. पाणथळ व खारवट जागा मात्र टाळावी. ताजे बी सहसा लगेच उगवत नाही. म्हणून ते पुढील पावसाळ्यापर्यंत कोरड्या जागी ठेवावे. कुसळे एकमेकांत गुंतत असल्याने ती मोडून बी, शेण व माती यांच्या लहान गोळ्या कराव्यात आणि पहिल्या पावसानंतर उथळ पेराव्यात. त्याहून सोपा उपाय म्हणजे जुने ठोंब फोडून मुळांसह अर्ध्या मीटरवर लावणे. पहिल्या वर्षी तेथे चराई होऊ देऊ नये. पाऊलवाट, गोठा व मुलांची खेळण्याची जागा यांजवळ हे गवत लावू नये.

ग्रामसेवकांनी पावसाळा संपण्यापूर्वीच गावाच्या गायरानाची पाहणी करून कापणीची वेळ शेतकरी व मेंढपाळ यांच्याशी ठरवून घ्यावी. हे एवढे काम वेळेवर झाले, तरी चारा हाती येईल व जनावरांची पीडा टळेल.