दुकान मुलाकडे सोपवल्यावर राहावे कोठे?

टेंभुर्णीसारख्या (ता. जाफराबाद, जि. जालना) गावात उम्रभर धंदा केलेल्या माणसापुढे साठी जवळ आली की तीन वाटा असतात. गावातच राहावे, छत्रपती संभाजीनगरला घर घ्यावे, की नातेवाइकांजवळ हैदराबादला जावे? मराठवाडा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्यामुळे आमच्याकडील अनेक घरांची सोयरीक आजही तिकडे आहे. व्यापारी व कारागीर बंधूंना पेन्शन नसते. पुंजी चुकीच्या जागी अडकली तर ती पुन्हा उभी करण्याचे वय राहत नाही. म्हणून हिशेब आधी करावा.

प्रथम कर पाहू. अमेरिकेत फ्लोरिडा, टेक्सास अशा काही राज्यांत राज्याचा आयकर नाही. म्हणून तेथील निवृत्त लोक राज्य निवडताना कर पाहतात. आपल्याकडे आयकर केंद्राचा आहे. टेंभुर्णीत आणि हैदराबादेत दर एकच. 1 जुलै 2017 पासून जीएसटीचे दरही सारखेच. व्यवसाय कर राज्याचा खरा, पण घटनेनुसार तो वर्षाला 2,500 रुपयांपेक्षा जास्त असू शकत नाही. महाराष्ट्रात 65 वर्षांवरील व्यक्तींना तो माफ आहे.

फरक पडतो तो घर घेताना. तेलंगणात जुलै 2021 मध्ये मुद्रांक, हस्तांतरण व नोंदणी मिळून 7.5 टक्के आकार ठरला. महाराष्ट्रात महापालिका हद्दीत मुद्रांक व अधिभार 6 ते 7 टक्के आणि नोंदणी 1 टक्का, कमाल 30,000 रुपये. 30 लाखांच्या घराला तिकडे 2,25,000, तर इकडे 2,10,000 ते 2,40,000 रुपये लागतील. राहते घर महिलेच्या नावे घेतल्यास महाराष्ट्रात 1 टक्का, म्हणजे 30,000 रुपये वाचतात. थोडक्यात, फरक थोडा आहे आणि तो एकदाच सोसायचा आहे. रोजचा खर्च मात्र मरेपर्यंत चालतो.

तेव्हा रोजचे पाहावे. गावात स्वतःचे घर, ओळखीची माणसे, आणि दुकानावर तासभर बसले तरी मुलाला आधार. पण 2012-13 च्या दुष्काळात जालना जिल्ह्याने पाण्याचे हाल पाहिले आहेत. रात्री छातीत दुखले तर मोठा दवाखाना किती दूर, हेही मोजावे. जालन्यात 2024 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, ही जमेची बाजू. ऑक्टोबर 2024 पासून 70 वर्षांवरील सर्वांना आयुष्मान योजनेत वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचाराची सोय आहे. ती राज्य बदलले तरी चालते. महाराष्ट्रात एसटीचे तिकीट 65 नंतर अर्धे व 75 नंतर माफ आहे. हैदराबादला गेल्यास ही सवलत रोजच्या कामाची राहत नाही.

आमचा सल्ला एवढाच. एका कागदावर तीन रकाने पाडा आणि प्रत्येक ठिकाणचे भाडे, घरपट्टी, पाणी, वीज, औषध व येणे-जाणे मांडा. नव्या गावी आधी वर्षभर भाड्याने राहून पाहा. तोवर गावचे घर विकू नका. आणि सर्व पैसा घरात घालू नका. दोन वर्षांचा खर्च हाताशी रोख ठेवा. कपडा घेताना गिऱ्हाईक पोत पाहते, मगच भाव विचारते. राहण्याच्या जागेचेही तसेच आहे.