कॅल्शियम स्कोअरचा अहवाल आणि वैद्याचे कर्तव्य

प्रस्तावना

अंधेरी-बोरिवलीपासून मुलुंड-घाटकोपरपर्यंत उपनगरांतील आपल्या चिकित्सालयात येणारा रुग्ण आता हातात तपासणी केंद्राचे पाकीट घेऊनच येतो. त्यात ईसीजी, टू-डी इको, स्ट्रेस टेस्ट आणि बरेचदा हृदयाच्या सीटी स्कॅनचा अहवाल असतो. औषधालयाच्या काउंटरवरही 'इतक्या स्कोअरला कोणते औषध चालेल?' असा प्रश्न येतो. या तपासण्या आपण करीत नाही. परंतु त्यांचा अर्थ रुग्ण आपल्यालाच विचारतो. तो अर्थ नेमका कसा लावावा, एवढाच सदर लेखाचा हेतू आहे.

एक अनुभव

काही वर्षांपूर्वी ४८ वर्षांचे एक गृहस्थ माझ्याकडे आले. कार्यालयातर्फे झालेल्या आरोग्य तपासणीत त्यांचा कॅल्शियम स्कोअर शून्य होता. जेवणानंतर चालताना व रेल्वेचा पूल चढताना उरात आवळल्यासारखे होई. थांबल्यावर दोन-तीन मिनिटांत बरे वाटे. "डॉक्टर, हृदय स्वच्छ आहे, पित्तच असणार," असे ते म्हणाले आणि मीही शून्यावर विसंबून अम्लपित्ताची चिकित्सा दिली. पंधरवड्यानंतर ते आले तेव्हा घरचा जिना चढतानाही त्रास होत होता. त्याच दिवशी त्यांना हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठविले. सीटी कोरोनरी अँजिओग्राफीत एका प्रमुख हृदयधमनीत कॅल्शियमविरहित, मऊ प्लाक व तीव्र अरुंदता आढळली. वेळेत अँजिओप्लास्टी झाली व रुग्ण सुखरूप आहे. अहवाल चुकीचा नव्हता. त्याचा अर्थ लावण्यात माझी चूक झाली.

शास्त्रीय विचार

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या विसाव्या अध्यायात कफाच्या नानात्मज विकारांत 'धमनीप्रतिचय' सांगितला आहे. सुश्रुताचार्यांच्या षट्क्रियाकालात स्थानसंश्रयानंतर व्यक्ती येते. धमनीच्या भिंतीत मेदाचा संचय होऊनही लक्षणे नसणे, ही अवस्था व्यक्तीपूर्वीची आहे, असे समजण्यास ही चौकट उपयुक्त ठरते. मात्र हे साम्य आकलनापुरतेच मानावे; अहवालातील आकडा म्हणजे दोषांचे मापन नव्हे.

ग्लागॉव्ह यांनी १९८७ मध्ये दाखविले की, प्लाक वाढू लागला की धमनी आधी बाहेरच्या बाजूस विस्तारते. प्लाकने सुमारे ४० टक्के क्षेत्र व्यापेपर्यंत आतला मार्ग फारसा अरुंद होत नाही. म्हणून रोग असूनही रक्तप्रवाह दीर्घकाळ प्राकृत राहू शकतो.

तपासण्यांचे दोन वर्ग

(१) प्रवाह व कार्य पाहणाऱ्या तपासण्या : स्ट्रेस टेस्ट, स्ट्रेस इको, थॅलियम किंवा टेक्निशियम वापरून केलेले परफ्यूजन स्कॅन, तसेच कार्डियाक एमआरआय. श्रमाच्या किंवा औषधाने आणलेल्या ताणाच्या वेळी हृदयपेशीला रक्त पुरते का, हे त्या सांगतात. अरुंदता बरीच वाढल्याशिवाय त्या सहसा सदोष येत नाहीत. विश्रांतीच्या अवस्थेतील ईसीजी व टू-डी इको प्राकृत असले, तरी हृदयधमनीचा रोग नाही असे म्हणता येत नाही.

(२) भिंत पाहणाऱ्या तपासण्या : कॅल्शियम स्कोअर व सीटी कोरोनरी अँजिओग्राफी. पहिलीत कॉन्ट्रास्ट द्यावे लागत नाही, काही मिनिटांत ती पूर्ण होते आणि किरणोत्सर्ग साधारण १ मिलिसिव्हर्ट असतो. दुसरीत शिरेवाटे आयोडीनयुक्त कॉन्ट्रास्ट देऊन धमनीचा मार्ग व मऊ प्लाकही पाहता येतो.

आकड्याचा अर्थ

कॅल्शियम मोजण्याची प्रचलित पद्धत अ‍ॅगॅटस्टन व सहकाऱ्यांनी १९९० मध्ये मांडली. १३० हाउन्सफील्ड युनिट किंवा त्याहून अधिक घनतेचे ठिपके त्यात धरले जातात. ० म्हणजे कॅल्शियम नाही. १ ते ९९ अल्प. १०० ते ३९९ मध्यम. ४०० व त्यापुढे अधिक. वय व लिंग यांच्या तुलनेत रुग्ण कोठे आहे, हेही पाहावे लागते.

हा आकडा भावी धोक्याचा निदर्शक आहे, अडथळ्याचे टक्के नव्हेत. स्कोअर ३२० पाहून 'ब्लॉकेज' समजून घाबरलेल्या रुग्णास हे प्रथम समजावून सांगावे.

२०१८ च्या अमेरिकन मार्गदर्शनानुसार ही तपासणी लक्षणे नसलेल्या, मध्यम धोक्याच्या व्यक्तीत स्टॅटिनचा निर्णय संदिग्ध असताना उपयोगी आहे. शून्य आल्यास स्टॅटिन लांबणीवर टाकता येते. परंतु मधुमेह, धूम्रपान किंवा अल्पवयात हृदयरोगाचा ठळक कुलवृत्तान्त असल्यास ही सवलत नाही. १०० व त्यापुढे स्टॅटिनचा पक्ष बळकट होतो.

आपल्या रुग्णांविषयी आणखी एक सावधगिरी हवी. इंटरहार्टच्या २००७ मधील विश्लेषणात पहिल्या झटक्याचे सरासरी वय दक्षिण आशियात ५३, तर अन्य देशांत सुमारे ५९ आढळले. कॅल्शियम प्लाकमध्ये उशिरा साठते. म्हणून चाळिशीच्या आतबाहेरच्या रुग्णात शून्याचे आश्वासन मर्यादित समजावे. लक्षणे असतील तर त्यावर विसंबूच नये.

लक्षणे असणाऱ्यांत सीटी अँजिओग्राफीचे मोल स्कॉट-हार्ट अभ्यासाने दाखविले. स्थिर छातीदुखीच्या ४१४६ रुग्णांत पाच वर्षांत हृदयधमनीविकाराने मृत्यू किंवा झटका यांचे प्रमाण नेहमीच्या पद्धतीत ३.९ टक्के, तर सीटी जोडलेल्या गटात २.३ टक्के होते. रोग दिसल्यामुळे प्रतिबंधक औषधे अचूक व्यक्तींना मिळाली, हे त्याचे प्रमुख कारण मानले जाते.

व्यवहारातील नियम

१. श्रमाने येणारी व विश्रांतीने शमणारी छातीतील, जबड्यातील किंवा डाव्या हातातील वेदना असल्यास अम्लपित्त म्हणण्यापूर्वी हृदयरोगतज्ज्ञांचे मत घ्यावे. मधुमेही व स्त्रियांत केवळ धाप किंवा थकवा एवढेच लक्षण असू शकते.

२. विश्रांतीतही वेदना, घाम, अस्वस्थता असल्यास स्कॅन केंद्राचा पत्ता देऊ नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून रुग्णालयात पाठवावे.

३. सीटी अँजिओग्राफीपूर्वी क्रिएटिनिन पाहिले जाते. मूत्रपिंडविकार, कॉन्ट्रास्टची अ‍ॅलर्जी, दमा, मेटफॉर्मिन, गर्भधारणेची शक्यता, तसेच सिल्डेनाफिलसारख्या औषधांचे सेवन केंद्रास कळवावे. तेथे नायट्रोग्लिसरीन दिले जाते व सिल्डेनाफिलसह ते घातक ठरू शकते. रुग्ण घेत असलेल्या आपल्या औषधांची यादीही सोबत द्यावी.

४. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, स्टॅटिन किंवा बीटा-ब्लॉकर तज्ज्ञांच्या संमतीविना बंद करू नये. स्टेंट बसविलेल्या रुग्णात तर कदापि नाही.

५. औषधाचा गुण दाखविण्यासाठी स्कोअर पुन्हा मोजू नये. कॅल्शियम सहसा घटत नाही. स्टॅटिनने धोका कमी होत असतानाही स्कोअर वाढू शकतो.

औषधालयांसाठी

अर्जुन, पुष्करमूळ, लसूण, गुग्गुळ यांचे आपल्या परंपरेत स्थान आहे. तरी ती अँटिप्लेटलेट औषधांना पर्याय म्हणून देऊ नयेत. लसणाच्या अधिक मात्रेने रक्तस्रावाची प्रवृत्ती वाढू शकते. गुग्गुळाने डिल्टियाझेम व प्रोप्रानोलॉल यांचे शोषण घटल्याचे नोंदलेले आहे. अमेरिकेतील २००३ च्या नियंत्रित चाचणीत गुगुलिपिडने एलडीएल घटण्याऐवजी किंचित वाढले, हेही प्रांजळपणे लक्षात ठेवावे. 'ब्लॉकेज विरघळविते' अशी जाहिरात करू नये. १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्याच्या अनुसूचीत हृदयरोगाचा समावेश आहे.

उपसंहार

दर्शन, स्पर्शन, प्रश्न ही आपली त्रिविध परीक्षा कोणत्याही स्कॅनने कालबाह्य होत नाही. 'चालताना काय होते आणि थांबल्यावर काय होते?' हा प्रश्न विचारण्यास पैसा लागत नाही. त्या गृहस्थांच्या बाबतीत मी तो विचारला होता, उत्तरही ऐकले होते. परंतु शून्याच्या आकड्याने ते झाकले गेले. अहवाल हाती घेण्यापूर्वी रुग्णाचे बोलणे पूर्ण ऐकावे आणि दोहोंत विसंगती दिसल्यास रुग्णाच्या लक्षणांना अधिक वजन द्यावे, ही सर्व वैद्यबंधु-भगिनींना नम्र विनंती.