घोड्याच्या डोळ्याचा कर्करोग : हिशेब मिलिमीटरांचा

आरशासमोर उभे राहा आणि आपल्या डोळ्याचा नाकाकडचा कोपरा नीट न्याहाळा. तेथे एक गुलाबी उंचवटा आणि त्याला लागून चंद्रकोरीसारखी बारीक घडी दिसेल. ही घडी म्हणजे तिसऱ्या पापणीचा अवशेष होय. माणसात ती नावापुरती उरली आहे. घोड्यात मात्र ती चांगली मोठी आणि कामाची असते. आतल्या कोपऱ्यातून पुढे सरकून ती डोळा झाकते, धुळीपासून त्याचे रक्षण करते आणि अश्रूंचा थर सर्वत्र पसरवते.

या तिसऱ्या पापणीवर, बाहेरच्या पापण्यांवर किंवा प्रत्यक्ष डोळ्याच्या पृष्ठभागावर घोड्यांना कर्करोग होतो. त्यावर उपचार करणाऱ्या पशुवैद्यासमोर मोठा पेच असतो. कर्करोगाची एकही पेशी मागे उरता कामा नये, आणि तिला मारताना डोळ्याची पारदर्शकताही जाता कामा नये. हा पेच कसा सोडवतात, ते आपण पाहू.

रोगाचे मूळ : ऊन आणि अपुरी दुरुस्ती

डोळ्याच्या पृष्ठभागावर फरशांप्रमाणे चपट्या पेशींचा थर असतो. हा कर्करोग याच पेशींचा. घोडा दिवसभर मोकळ्या कुरणात चरतो, म्हणजे त्याचे डोळे दिवसभर उन्हात असतात. उन्हातील अतिनील किरण पेशीतील डीएनएच्या रेणूवर आघात करतात आणि त्यातील शेजारशेजारचे घटक एकमेकांना चिकटून बसतात. ज्या घोड्यांच्या डोळ्यांभोवती मेलॅनिन हे रंगद्रव्य कमी असते, त्यांना हा धोका अधिक. म्हणून गुलाबी पापण्यांच्या घोड्यांत हा रोग जास्त आढळतो.

पेशी मात्र स्वस्थ बसत नाही. तिच्यात दुरुस्तीची यंत्रणा असते. 'डीडीबी२' नावाचे प्रथिन डीएनएवर गस्त घालते आणि बिघाड दिसताच तेथे चिकटून खूण करते. मग इतर प्रथिने येऊन बिघडलेला तुकडा कापतात आणि नवा बसवतात. खूणच झाली नाही तर? चुका साचत जातात आणि एखादी पेशी बेबंद वाढू लागते.

आल्प्स पर्वतातील दक्षिण टिरोल या प्रदेशात हाफ्लिंगर जातीचे घोडे तयार झाले. १८७४ साली जन्मलेला 'फोली' हा नर या जातीचा मूळपुरुष मानला जातो. या घोड्यांत डोळ्याचा कर्करोग अधिक प्रमाणात होतो, हे पशुवैद्यांना ठाऊक होते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी सहकाऱ्यांसह २०१७ साली त्याचे एक कारण दाखवून दिले. डीडीबी२ प्रथिनाच्या साखळीत ३३८ व्या जागी थ्रिओनिनऐवजी मेथिओनिन हे अमिनो आम्ल आल्यास धोका वाढतो. हा दोष अप्रभावी आहे; म्हणजे आई आणि वडील या दोघांकडूनही तो आला तरच धोका वाढतो. तरीसुद्धा अशा प्रत्येक घोड्याला कर्करोग होतोच असे नाही.

पहिला प्रश्न : किती खोल?

सुरुवातीला डोळ्यातून पाणी येते. पापणीवर किंवा डोळ्याच्या कडेला गुलाबी, खडबडीत चट्टा दिसतो. डोळे आले असतील असे समजून मालक थांबतो आणि मोलाचा काळ निघून जातो. खात्री करण्यासाठी चट्ट्याचा लहानसा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात.

चट्टा पुष्कळदा पारपटल आणि डोळ्याचा पांढरा भाग यांच्या सीमेवर असतो. पारपटल म्हणजे डोळ्याची पुढची पारदर्शक काच. घोड्याचा डोळा माणसाच्या डोळ्यापेक्षा कितीतरी मोठा. पण त्याचे पारपटल जेमतेम एक मिलिमीटर जाड असते! गाठ पृष्ठभागावरच आहे की आत घुसली आहे, यावर सारे उपचार ठरतात.

चार हत्यारे

पहिले हत्यार सुरीचे. तिसऱ्या पापणीवर गाठ असेल तर ती पापणी मुळापासून काढून टाकता येते. पारपटलावरील गाठ मात्र पातळ थरासारखी तासून काढावी लागते. सुरी फार खोल गेली तर डोळाच फुटण्याचा धोका, आणि कमी गेली तर पेशी मागे उरतात.

म्हणून पुढची हत्यारे लागतात. त्यांतील एक आहे थंडी. उणे १९६ अंश सेल्सिअसला उकळणाऱ्या द्रवरूप नायट्रोजनने गाठीची जागा गोठवतात, वितळू देतात आणि पुन्हा गोठवतात. पेशींत बर्फाचे स्फटिक तयार होऊन त्या फुटतात.

तिसरे हत्यार किरणोत्सर्गाचे. स्ट्राँशियम-९० हे मूलद्रव्य दांड्याच्या टोकाला बंदिस्त केलेले असते. ते टोक गाठ काढलेल्या जागेवर काही काळ टेकवतात. त्यातून निघणाऱ्या बीटा कणांची बहुतेक शक्ती पहिल्या दोन-तीन मिलिमीटरांतच खर्ची पडते. त्यामुळे वरच्या थरातील उरलेल्या पेशी मरतात आणि आतले नेत्रभिंग व दृष्टिपटल बरेचसे सुरक्षित राहतात. जी गोष्ट एरवी उणीव ठरली असती, तीच येथे गुण ठरते. मात्र जाड गाठीवर हे टोक नुसते टेकवून भागत नाही. आधी सुरी चालवावीच लागते.

चौथे हत्यार औषधांचे. पापणीवरील गाठीत सिस्प्लॅटिन हे प्लॅटिनमयुक्त औषध टोचतात. डोळ्याच्या पृष्ठभागासाठी मायटोमायसिनचे थेंब वापरतात. दोन्ही औषधे डीएनए जखडून पेशींचे विभाजन थांबवतात. ती इतकी प्रखर आहेत की हाताळणाऱ्याला हातमोजे घालावे लागतात. पण दुखऱ्या डोळ्यात घोडा रोज थेंब कसे घालू देईल? त्यासाठी पापणीतून एक बारीक नळी बसवतात आणि तिचे दुसरे टोक आयाळीला बांधतात. मानेजवळून पिचकारीने सोडलेले औषध थेट डोळ्यात पोचते.

उशीर झाला तर?

हा कर्करोग बहुधा सावकाश पसरतो. पण उपचारानंतर तो उलटूही शकतो. म्हणून घोड्याची तपासणी पुढेही चालू ठेवावी लागते. गाठ डोळ्याच्या आत शिरली असेल तर प्राण वाचवण्यासाठी संपूर्ण डोळा काढावा लागतो. एका डोळ्याचे कितीतरी घोडे पुढे व्यवस्थित जगतात आणि कामही करतात. तथापि, तोच चट्टा वेळीच दिसला असता तर डोळाही वाचला असता.

घोडा आपले दुखणे सांगू शकत नाही. रोज खरारा करताना त्याच्या डोळ्यांकडे पाहणे, भर दुपारी त्याला सावली देणे आणि अतिनील किरण अडवणारी जाळी त्याच्या तोंडावर बांधणे, हे मालकाच्या हाती आहे.

विचार करा

१. नर आणि मादी या दोघांतही डीडीबी२चा दोष एकेरी आहे. त्यांच्या शिंगराला दोष दुहेरी मिळण्याची शक्यता किती?

२. या उपचारात बीटा कणांऐवजी गॅमा किरण वापरले, तर डोळ्याच्या आतल्या भागांचे काय होईल?

३. स्ट्राँशियम-९० चा अर्धायुकाल सुमारे २९ वर्षे आहे. उपकरण जुने होत जाईल तसे ते डोळ्यावर अधिक वेळ टेकवावे लागेल की कमी?