बोकडांचे खच्चीकरण : वाढ आणि मांसाची प्रत

अल्पभूधारक व भूमिहीन कुटुंबांना शेळीपालन हा मोठा आधार आहे. धाराशिव, लातूर, सोलापूर या भागांतील उस्मानाबादी शेळी मांसासाठी प्रसिद्ध आहे. शेळीपालकाचे उत्पन्न मुख्यतः नर करडांच्या विक्रीतून येत असल्याने ती खच्ची करावीत किंवा कसे, याचा निर्णय विचारपूर्वक घेणे अगत्याचे ठरते.

वाढीवरील परिणाम

वृषणांत तयार होणारे टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक स्नायूंच्या वाढीस चालना देते. त्यामुळे खच्ची न केलेला बोकड सामान्यतः अधिक वेगाने वाढतो व त्याच्या मांसात चरबी कमी असते. खच्ची बोकडात खाद्यातील ऊर्जेचा अधिक भाग चरबीच्या रूपाने साठतो. त्यातील बरीचशी चरबी पोटात आतड्यांभोवती व मूत्रपिंडांभोवती साचते. खच्चीकरणाने वजन हमखास वाढते, हा समज म्हणूनच बरोबर नाही.

मांसाची प्रत

वयात आलेल्या बोकडाचा उग्र दर्प मांसातही उतरतो. लहानपणी खच्ची केल्यास हा दोष टळतो आणि मांस तुलनेने मऊ राहते. जनावर शांत होते, झुंजी थांबतात. सारांश, करडे कोवळ्या वयातच विकावयाची असल्यास खच्चीकरणाची गरज नाही. वर्षभर वा अधिक काळ पोसावयाची असल्यास ते हितावह ठरते.

योग्य पद्धत

दगडाने ठेचण्याची जुनी रीत क्रूर व धोक्याची आहे. बर्डिझो चिमट्याने कातडी न फाडता प्रत्येक बाजूची रेतवाहिनी स्वतंत्रपणे दाबली जाते. उघडी जखम होत नसल्याने रक्तस्राव, माश्या व धनुर्वाताचे भय कमी राहते. हे काम पशुवैद्यकाकडूनच करून घ्यावे. त्यानंतरही काही आठवडे बोकडात प्रजननक्षमता टिकू शकते. तोवर त्याला माद्यांपासून दूर ठेवावे.

कळपाचे हित

करडे चार-पाच महिन्यांतच वयात येऊ लागतात. गावाचे कळप एकत्र चरत असल्याने निकृष्ट नरापासून माद्या सहज फळतात. अनेकदा जोमदार नर चांगली किंमत येते म्हणून आधी विकला जातो आणि पैदाशीसाठी मागे खुरटाच उरतो. तेव्हा जुळ्यांतील, भरपूर दूध देणाऱ्या शेळीचा जोमदार नर प्रथम पैदाशीसाठी राखावा व उरलेल्यांपैकी दीर्घकाळ पाळावयाचे नर खच्ची करावेत. ग्रामपंचायतींनी या कामी पुढाकार घेतल्यास गावातील शेळ्यांची पुढची पिढी निश्चितच सुधारेल.